समन चेनमधून आला की चेनबाहेरून? यू-गी-ओमधली बहुतेक भांडणं इथेच मिटतात

तुम्ही एक प्रश्न म्हणून विचारलंय, पण त्यात तीन प्रश्न आहेत. पहिला: मास्टर ड्युएलमध्ये (यू-गी-ओ या कार्डांच्या गेमची डिजिटल आवृत्ती) तुम्ही स्टारडस्ट ड्रॅगन सिंक्रो समन करायला, म्हणजे ट्यूनर आणि इतर मॉन्स्टरांच्या लेव्हलची बेरीज जुळवून मैदानात उतरवायला गेलात, समोरच्याने सॉलम स्ट्राइक टाकून तो हाणून पाडला. पुढच्या टर्नला मॉन्स्टर रीबॉर्नने तोच ड्रॅगन ग्रेव्हयार्डमधून (नष्ट झालेल्या, वापरलेल्या कार्डांचा ढीग) उठवायला गेलात, तर गेमने तो निवडूच दिला नाही. दुसरा: हातात ॲश ब्लॉसम (हातातूनच समोरच्याचे काही इफेक्ट अडवणारं कार्ड) असूनही समोरच्याच्या सिंक्रो समनला ती वापरू का, असं गेम विचारतच नाही. तिसरा: ‘एका टर्नला एकच समन’ असं ऐकलं होतं, मग समोरचा एका दमात सहा-सहा मॉन्स्टर कसे उतरवतो?

तिन्हींत तुमची किंवा गेमची काही चूक नाही. मी हा गेम कागदी कार्डांवर बरीच वर्षं खेळतोय, छोट्या स्पर्धांत वाद मिटवायलाही बसतो. माझा अनुभव असा की समनिंगवरची दहातली आठ भांडणं एका प्रश्नात मिटतात: हा समन एखाद्या कार्डाच्या इफेक्टने होतोय, म्हणजे चेनमधून (एकमेकांना प्रतिसाद म्हणून रचलेल्या इफेक्टची साखळी, शेवटचा आधी सुटतो), की मॉन्स्टर स्वतःच्या पद्धतीने, चेनबाहेरून येतोय? लोक नॉर्मल, स्पेशल, फ्यूजन, सिंक्रो अशी नावं पाठ करत बसतात. नावं लागतातच, पण ती नंतर.

आधी ‘एकच समन’चं बघू. एका टर्नला एकच असतो तो नॉर्मल समन, आणि त्यातच नॉर्मल सेटही धरलेला असतो. म्हणजे हातातला मॉन्स्टर उलथा करून डिफेन्समध्ये ठेवलात तरी त्या टर्नची संधी संपली. लेव्हल 4 पर्यंतचा मॉन्स्टर तसाच येतो, लेव्हल 5 आणि 6 ला एक ट्रिब्यूट, म्हणजे बळी, 7 पासून पुढे दोन. ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन लेव्हल 8 चा, म्हणून दोन. ओबेलिस्कला तीन लागतात, पण ते त्याच्या कार्डावर लिहिलेलं आहे, हा सर्वसाधारण नियम नाही. ज्यांनी ही मालिका लहानपणी टीव्हीवर पाहिली त्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण सुरुवातीच्या भागांत ब्लू-आइज कसलाही ट्रिब्यूट न देता थेट मैदानात येतो. त्या भागांवरून नियम शिकू नका, एवढंच सांगेन.

ट्रिब्यूट मैदानावरच्या तुमच्या मॉन्स्टरचा द्यायचा, तो उलथा असला तरी चालतो, टोकनही (इफेक्टने तयार होणारा, डेकमधलं कार्ड नसलेला मॉन्स्टर) चालतं. मॉन्स्टरच्या पाचही जागा, म्हणजे झोन, भरलेल्या असताना ट्रिब्यूट समन करता येतो, कारण ट्रिब्यूट दिला की जागा रिकामी होते. आणि ट्रिब्यूट देऊन केलेला नॉर्मल समन समोरच्याने निगेट, म्हणजे रद्द, केला तरी तो वापरला गेला असंच धरतात. ट्रिब्यूट परत मिळत नाही, दुसऱ्यांदा समनही करता येत नाही. ‘झालाच नाही तर मोजायचा कसा?’ हा वाद मी अनेकदा ऐकलाय. प्रयत्न केलात, संधी गेली.

डबल समन नावाचं कार्ड आहे, ते एक जादा नॉर्मल समन देतं. त्याच टर्नला त्याची दुसरी प्रत टाकलीत तरी तीन होत नाहीत, दोनच राहतात.

फ्लिप समन या हिशोबात येत नाही. उलथा ठेवलेला मॉन्स्टर सुलटा करून अटॅकमध्ये आणायचा, असे कितीही करा. फक्त ज्या टर्नला सेट केला त्याच टर्नला त्याला उठवता येत नाही.

आणि स्पेशल समनला सर्वसाधारण मर्यादाच नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर एवढंच आहे. उरलेलं अर्धं पुढे एका उदाहरणात येईल, कारण ते बघितल्याशिवाय कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. स्पेशल समन दोन तऱ्हांनी होतो.

सायबर ड्रॅगन घ्या. त्याच्या कार्डावर म्हटलंय की फक्त समोरच्याकडेच मॉन्स्टर असेल तर हा हातातून स्पेशल समन करता येतो. इथे कुठलाही इफेक्ट ॲक्टिव्हेट होत नाही, चेन सुरू होत नाही. तुम्ही म्हणता ‘हा आणतोय’ आणि तो येतो. सिंक्रो, एक्सीझ, लिंक आणि पेंड्युलम समन याच जातीचे. याउलट मॉन्स्टर रीबॉर्न हे स्पेल कार्ड: ते ॲक्टिव्हेट होतं, त्यावर समोरचा चेन करू शकतो, आणि चेन सुटताना मॉन्स्टर मैदानात येतो. पॉलिमरायझेशन नावाच्या स्पेलने होणारा फ्यूजन समन आणि रिच्युअल स्पेलने होणारा रिच्युअल समनही असेच, इफेक्टच्या पोटातून येणारे.

कार्ड वाचून हे ओळखायची एक सोपी खूण आहे. 2011 पासून इंग्रजी कार्डांवरचा मजकूर ठरावीक साच्यात लिहितात. वाक्यात कोलन किंवा सेमीकोलन असेल तर ते ॲक्टिव्हेट होणारं काहीतरी आहे. कोलनच्या आधी अट किंवा वेळ, सेमीकोलनच्या आधी किंमत किंवा टार्गेट निवडणं, आणि त्यानंतर प्रत्यक्ष इफेक्ट. सायबर ड्रॅगनच्या समनच्या वाक्यात दोन्हींपैकी एकही नाही, म्हणून चेन नाही. नवीन माणसाला मी सगळ्यात आधी हेच शिकवतो. यासाठी कार्डाचा इतिहास माहीत असण्याची गरज नाही, विरामचिन्हं बघितली की पुरे.

या फरकाने बिघडतं काय? चेनबाहेरच्या समनला तीन क्षण असतात. पहिल्या क्षणी तुम्ही समन जाहीर करता आणि मटेरियल (समनसाठी वापरलेले मॉन्स्टर) किंवा ट्रिब्यूट देता. दुसऱ्या क्षणी मॉन्स्टर येऊ घातलेला असतो, पण अजून आलेला नसतो. सॉलम जातीची ट्रॅप कार्डं याच फटीत घुसतात: सॉलम जजमेंट अर्धे लाइफ पॉइंट घेऊन, सॉलम वॉर्निंग 2000 घेऊन, सॉलम स्ट्राइक 1500 घेऊन. समनच्या बाबतीत यांतली स्ट्राइक फक्त स्पेशल समनवर चालते, नॉर्मलवर नाही. तिसऱ्या क्षणी समन यशस्वी होतो, आणि मग ‘समन झाल्यावर’ चालणारी कार्डं येतात. उदाहरणार्थ टॉरेन्शियल ट्रिब्यूट, जे मैदानावरचे सगळे मॉन्स्टर उडवतं, किंवा बॉटमलेस ट्रॅप होल, जे 1500 किंवा जास्त अटॅकच्या मॉन्स्टरला नष्ट करून बॅनिश, म्हणजे खेळाबाहेर, करतं.

चेनमधून येणाऱ्या समनला मधला क्षणच नसतो. मॉन्स्टर रीबॉर्नची चेन सुटायला लागली की मधेच उठून ‘हा समन निगेट’ म्हणता येत नाही. अडवायचं असेल तर रीबॉर्न ॲक्टिव्हेट होतानाच. सॉलम जजमेंट तिथे चालते, पण ती स्पेलचं ॲक्टिव्हेशन निगेट करते, समन नव्हे.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे आणि तो फार कमी जण लक्षात घेतात. तुमचा सिंक्रो समन निगेट झाला तर मटेरियल आधीच ग्रेव्हयार्डमध्ये गेलेलं असतं. ड्रॅगन गेला, ट्यूनर गेला, बाकीचे गेले. पॉलिमरायझेशन निगेट झालं तर मात्र फक्त ते स्पेल जातं, कारण मटेरियल इफेक्ट सुटताना पाठवायचं असतं. कुठला फ्यूजन मॉन्स्टर आणणार हेही आधी सांगावं लागत नाही, तेव्हाच ठरवायचं. समोर कोणी ‘आधी दाखव काय आणतोयस’ म्हणालं तर शांतपणे नाही म्हणा.

आता तुमचा स्टारडस्ट ड्रॅगन. एक्स्ट्रा डेकमधला (फ्यूजन, सिंक्रो, एक्सीझ, लिंक मॉन्स्टरांचा वेगळा गठ्ठा) मॉन्स्टर पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या रीतीने, विधिवत समन व्हावा लागतो. तो एकदा झाला की नंतर ग्रेव्हयार्डमधून किंवा बॅनिश झाल्यावर दुसऱ्या कार्डाने त्याला आणता येतं. तुमचा सिंक्रो समन दुसऱ्या क्षणात अडवला गेला, म्हणजे तो झालाच नाही. ड्रॅगन ग्रेव्हयार्डमध्ये आहे खरा, पण गेमच्या दृष्टीने तो मैदानात कधी आलेलाच नाही, म्हणून रीबॉर्न त्याला ओळखत नाही. एखाद्या इफेक्टने एक्स्ट्रा डेकमधून थेट ग्रेव्हयार्डमध्ये टाकलेल्या मॉन्स्टरचंही हेच. समजा स्टारडस्ट नीट मैदानात आला असता आणि त्यानंतर बॉटमलेसऐवजी साध्या एखाद्या कार्डाने नष्ट झाला असता, तर रीबॉर्नने आरामात उठला असता. फरक फक्त कुठल्या क्षणी मेला याचा.

त्यातही एक बारकावा आहे. काही कार्डांवर स्पष्ट लिहिलेलं असतं की याच पद्धतीने समन करावा, इतर कुठल्याही मार्गाने नाही. एलिमेंटल हीरो फ्लेम विंगमॅन हा त्यातला. नीट फ्यूजन समन करा, तो मैदानात येऊन चार टर्न राहू दे, तरी ग्रेव्हयार्डमध्ये गेल्यावर रीबॉर्नने उठणार नाही. ब्लू-आइज अल्टिमेट ड्रॅगनवर असं काही लिहिलेलं नाही, म्हणून एकदा फ्यूजनने आला की पुढे उठवता येतो. दोन्ही फ्यूजनच, पण कार्डावरच्या एका वाक्याने नशीब बदलतं. इंग्रजी मजकुरात ‘मस्ट फर्स्ट बी’ असेल तर पहिल्यांदा तसा आणा, नंतर मोकळे. नुसतं ‘मस्ट बी’ आणि पुढे ‘कॅनॉट बी स्पेशल समन्ड बाय अदर वेज’ असेल तर दार कायमचं बंद.

मॉन्स्टर एक्स्ट्रा डेकमध्ये परत गेला की खातं पुन्हा कोरं होतं, पुन्हा पहिल्यापासून विधिवत समन. तुमच्यासाठी हे खरं तर चांगलं आहे. अडवल्या गेलेल्या स्टारडस्टवर रीबॉर्न वाया घालवण्यापेक्षा, ग्रेव्हयार्डमधले मॉन्स्टर परत डेकमध्ये मिसळणारं एखादं कार्ड वापरा. पॉट ऑफ ॲव्हरिस पाच मॉन्स्टर परत पाठवतं, त्यातले एक्स्ट्रा डेकवाले त्यांच्या घरी जातात, शिवाय दोन कार्डं हातात येतात.

दुसरा प्रश्न, ॲश ब्लॉसम. तिचा इफेक्ट तीनपैकी एखादी गोष्ट करणाऱ्या इफेक्टवर चालतो: डेकमधून हातात कार्ड आणणं, डेकमधून स्पेशल समन करणं, डेकमधून ग्रेव्हयार्डमध्ये कार्ड पाठवणं. इथे ‘डेक’ म्हणजे मुख्य डेक, एक्स्ट्रा डेक वेगळा. आणि सिंक्रो समन हा इफेक्टच नाही, मग ती प्रतिसाद कशाला देणार? दोन्ही अंगांनी तुमची ॲश बाहेर. साधं पॉलिमरायझेशनही ती अडवू शकत नाही, कारण मटेरियल हातातलं किंवा मैदानावरचं असतं. डेकमधलं मटेरियल वापरू देणारी फ्यूजन कार्डं मात्र ती अडवते. मास्टर ड्युएलमध्ये बटण दिसलं नाही की लोक सर्व्हरला दोष देतात. बहुतेक वेळा गेम बरोबर असतो. हो, पण तुमचं प्रतिसादाचं सेटिंग चुकून ‘ऑफ’वर राहिलं नाही ना, एवढं बघून घ्या.

आता सहा मॉन्स्टरचं. जुना पण शिकायला सुंदर असा डाव घेतो.

समोरच्याच्या ग्रेव्हयार्डमध्ये स्पीड वॉरियर आहे, लेव्हल 2, अटॅक 900. हातात जंक सिंक्रॉन, लेव्हल 3 चा ट्यूनर, आणि डॉपेलवॉरियर, लेव्हल 2.

तो जंक सिंक्रॉन नॉर्मल समन करतो. त्या टर्नचा नॉर्मल समन इथेच संपला. समन होताच जंक सिंक्रॉनचा इफेक्ट: ग्रेव्हयार्डमधला लेव्हल 2 किंवा त्याखालचा मॉन्स्टर डिफेन्समध्ये उठवायचा, त्याचे इफेक्ट निगेट. स्पीड वॉरियर उठतो. ग्रेव्हयार्डमधून कोणी उठलं म्हणून डॉपेलवॉरियर हातातून स्वतःला स्पेशल समन करतो. आता मैदानात तिघे. त्यातला 3 लेव्हलचा ट्यूनर जंक सिंक्रॉन आणि 2 लेव्हलचा डॉपेलवॉरियर मिळून 5, म्हणून एक्स्ट्रा डेकमधून जंक वॉरियरचा सिंक्रो समन. हा चेनबाहेर.

इथे दोन इफेक्ट एकाच वेळी जागे होतात. जंक वॉरियरचा सक्तीचा: आपल्या बाजूला मैदानावर असलेल्या लेव्हल 2 किंवा कमी मॉन्स्टरांचा अटॅक स्वतःत मिळवायचा. डॉपेलवॉरियरचा ऐच्छिक: 400 अटॅकची, लेव्हल 1 ची दोन टोकन आणायची. सक्तीचा आधी चेनवर चढतो, ऐच्छिक त्याच्यावर. चेन उलटी सुटते. म्हणून आधी टोकन येतात, मग जंक वॉरियर मोजणी करतो: 900 अधिक 400 अधिक 400. मूळ 2300 मध्ये 1700 मिळून बरोबर 4000. क्रम उलटा असता तर 3200 वरच थांबला असता. जुने खेळाडू या आकड्यावर का खूश होतात ते आता कळलं असेल.

मोजा: जंक सिंक्रॉन, स्पीड वॉरियर, डॉपेलवॉरियर, जंक वॉरियर, दोन टोकन. सहा. त्यात नॉर्मल समन एकच.

ही चाल पुन्हा एकदा चेन आणि चेनबाहेर या नजरेने बघा. ॲशला यात कुठेही हात घालायला जागा नाही, कारण ग्रेव्हयार्ड, हात आणि एक्स्ट्रा डेक वापरलाय, मुख्य डेकला कोणी शिवलंच नाही. सॉलम स्ट्राइक जंक सिंक्रॉनच्या नॉर्मल समनवर चालणार नाही. त्याच्या इफेक्टवर चालेल, कारण ती मॉन्स्टर इफेक्टलाही अडवते. स्पीड वॉरियर उठत असताना त्या समनवर चालणार नाही, तो इफेक्टच्या पोटात आहे. जंक वॉरियर येताना पुन्हा चालेल. टॉरेन्शियल ट्रिब्यूट स्पीड वॉरियर उठल्यावर टाकलात, तर डॉपेलवॉरियरचा इफेक्ट आधीच चेनवर चढलेला असेल. तुमचं कार्ड आधी सुटेल, मैदान साफ होईल, आणि मग डॉपेलवॉरियर रिकाम्या मैदानात एकटा उतरेल. बरेच जण हे बघून ‘तो कसा वाचला?’ विचारतात. वाचला नाही, तो तेव्हा हातातच होता.

बाकीच्या समन-प्रकारांवर फार वेळ घालवत नाही. सिंक्रो 2008 मध्ये आले, एक्सीझ 2011 मध्ये, पेंड्युलम 2014 मध्ये, लिंक 2017 मध्ये. प्रत्येकाची एकेक ठेच तेवढी सांगतो.

एक्सीझला सारख्या लेव्हलचे मॉन्स्टर एकमेकांवर ठेवायचे. एक्सीझ मॉन्स्टरला लेव्हल नसते, रँक असते. रँक 4 चा यूटोपिया लेव्हल 4 म्हणून पुन्हा मटेरियलला धरता येत नाही. टोकन एक्सीझचं मटेरियल होत नाही. खाली दबलेली कार्डं मैदानावरची धरत नाहीत, म्हणून सांगान (ग्रेव्हयार्डमध्ये गेल्यावर डेकमधून मॉन्स्टर हातात देणारा) मटेरियलमधून सुटून ग्रेव्हयार्डमध्ये गेला तर त्याचा इफेक्ट लागत नाही, कारण त्याला ‘मैदानावरून’ जावं लागतं.

लिंक मॉन्स्टरला डिफेन्स नाही, लेव्हलही नाही. मटेरियल म्हणून तो एक धरा किंवा त्याच्या लिंक रेटिंगइतका (कार्डावरच्या बाणांची संख्या), मधला आकडा चालत नाही. एक सावधगिरी: 2017 ते 2020 दरम्यानचे शिकवणीचे व्हिडिओ बघत असाल तर त्यात एक्स्ट्रा डेकमधले सगळेच मॉन्स्टर फक्त एक्स्ट्रा मॉन्स्टर झोनमध्ये किंवा लिंकच्या बाणाखाली उतरवायला सांगतात. एप्रिल 2020 पासून फ्यूजन, सिंक्रो आणि एक्सीझला ती अट राहिली नाही. लिंकला आणि एक्स्ट्रा डेकमधून येणाऱ्या पेंड्युलमला ती अजून आहे.

पेंड्युलम समन टर्नला एकदाच. स्केल (पेंड्युलम झोनमधल्या दोन कार्डांवरचे आकडे) 1 आणि 8 असतील तर मधले, म्हणजे लेव्हल 2 ते 7 चेच मॉन्स्टर येतात, 1 आणि 8 चे नाहीत. सगळे एकाच वेळी येतात, म्हणून एकच सॉलम सगळ्यांना एकदम घेऊन जाते. आणि तेव्हा त्यातले पेंड्युलम मॉन्स्टर मैदानावरून जाताना जसे एक्स्ट्रा डेकमध्ये सुलटे जातात तसे जात नाहीत, थेट ग्रेव्हयार्डमध्ये जातात, कारण ते मैदानावर आलेच नव्हते. हाच तो दुसरा क्षण पुन्हा.

ट्रिब्यूट समनच्या बाबतीत एक जुना काटा अजून टोचतो. समन्ड स्कलसाठी सांगान ट्रिब्यूट दिलात तर त्याचा इफेक्ट लागतो. त्याच्या जागी पेटेन द डार्क क्लाउन (ग्रेव्हयार्डमध्ये गेल्यावर दुसरा पेटेन आणणारा) दिलात तर लागत नाही. पेटेनच्या मजकुरात ‘व्हेन’ आणि ‘यू कॅन’ आहे, म्हणजे ग्रेव्हयार्डमध्ये जाणं ही अगदी शेवटची घडलेली गोष्ट असायला हवी. इथे शेवटची गोष्ट समन्ड स्कल येणं ही आहे, पेटेनची वेळ हुकली. ‘इफ’ असलेल्या कार्डांना ही अडचण नाही. मला हा नियम व्यक्तिशः खडूस वाटतो, आणि नव्या कार्डांत कंपनी बहुतेक ‘इफ’च लिहिते याचा आनंद आहे. पण जुनी कार्डं खेळायची तर तो पाळावाच लागतो.

राहिलं एवढंच की त्या सहा मॉन्स्टरांना थांबवायचं कसं. तुमच्या डेकमध्ये सॉलम स्ट्राइक असेल तर ती जंक वॉरियरसाठी राखून ठेवण्याचा मोह होतो, कारण 4000 अटॅक डोळ्यांत भरतो. तरी मी ती जंक सिंक्रॉनच्या इफेक्टवरच टाकेन. तिथे अडवलंत तर स्पीड वॉरियर उठत नाही, म्हणून डॉपेलवॉरियर हातातच अडकतो, आणि समोरच्याचा नॉर्मल समन आधीच खर्च झालेला असतो. इफेक्ट व्हेलर (हातातून टाकून समोरच्या मॉन्स्टरचे इफेक्ट निगेट करणारं कार्ड) असेल तर तेच काम लाइफ पॉइंट न देता होतं, फक्त ती जंक सिंक्रॉनच्या इफेक्टवर लगेच चेन करायची. आणि निबिरू (मैदानावरचे सुलटे मॉन्स्टर ट्रिब्यूट करून स्वतः उतरणारा) हातात असेल तर उलट गप्प बसा. त्याला एका टर्नला पाच किंवा जास्त मॉन्स्टर नॉर्मल किंवा स्पेशल समन झालेले लागतात. दोन टोकन उतरली की सहा होतात, जंक वॉरियर 4000 वर पोहोचतो, समोरचा बॅटल फेजकडे निघतो. मेन फेज संपायच्या आत निबिरू टाका.